पहिली सीट

प्रिय शेंडेफळा,

मी फोन उचलत नाही म्हणून तू ऑफिसात येरझारा घालत असशील. घाल. मी जिवंत आहे, हातपाय धड आहेत. फक्त डोक्यापासून पायापर्यंत ओली आहे, आणि माझ्या अंगाला जो वास येतोय तो माझा मलाच सोसवत नाही. तुझा निरोप मिळाला, एकदा नाही, दहादा मिळाला. 'ताई, गाडी वर पाठवू ना?' त्याचं उत्तर ह्या पत्रात आहे, पण त्यासाठी तुला सगळं वाचावं लागेल. फोनवर तू मला गुंडाळतोस. बोबडं बोलायचास तेव्हापासून गुंडाळतोस. कागदासमोर 'अगं ताई, ऐक तर' म्हणायची सोय नाही. लिहून झालं की ह्या पानांचे फोटो काढीन, गावच्या पाण्याच्या टाकीवर चढीन (इथे रेंज फक्त तिथेच येते, आणि ह्या वयात मला शिडी चढायला लावलीस ते वेगळंच) आणि तुला धाडून देईन. मग वाच एकटा बसून.

तर पहिल्यापासून सांगते. सीमेवरच्या साहेबाच्या टेबलावर छतातून पाणी गळत होतं आणि शिक्क्याची शाई पसरून माझ्या पासपोर्टाचं पान निळं झालं. तिथून पुढे बस. खिडक्यांच्या काचा बंद होत नाहीत, आणि ज्या बंद होतात त्या उघडत नाहीत. माझ्या पुढच्या सीटवर ओल्या लोकरीचा कोट घातलेला माणूस, मागे कोंबड्यांची टोपली, आणि मधे मी, तोंडाला रुमाल लावून. ओल्या लोकरीचा, कोंबड्यांचा आणि डिझेलचा एकत्र वास तू घेतला नाहीस ना कधी? नको घेऊस. पहिल्या घाटातच शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या बुटांवर ओकारी केली. बिचारा इतका ओशाळला की मीच त्याला पाणी दिलं, पाठ चोळली, बूट पुसले. ओकारीचं मला काही वाटत नाही, तुला ठाऊकच आहे. मामाच्या गावाला जाताना प्रत्येक वळणावर तू 'ताई' म्हणून कण्हायचास आणि पिशवी उघडेपर्यंत थांबायचा नाहीस. मी ओंजळ पुढे करायचे. आई म्हणायची, अगं शी, हात काय पुढे करतेस! पण तुझा नवा सदरा खराब होऊ नये एवढंच डोक्यात असायचं. तेव्हा किळस कशी ती आली नाही.

आता हॉटेल. तू माहितीपत्रकात काय छापलंयस ते मला पाठ आहे: 'ढगांच्या कुशीत, धुक्याच्या दुलईत.' बाबा रे, मी त्या दुलईत झोपलेय. ढग खिडकीतून आत येतो, गादीत शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. उशी पिळली तर पाणी निघेल. भिंतीवर छातीएवढ्या उंचीपर्यंत बुरशी, हिरवी आणि काळी, मधूनच केसाळ. रात्री टांगलेले मोजे सकाळी आदल्या दिवसापेक्षा ओले. कपाट उघडलं तर आतून असा कुबट भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरले. न्हाणीघराच्या कोपऱ्यात बोटभर लांबीची, बिनशंखाची, बुळबुळीत गोगलगाय होती. तिला कागदावर घेऊन बाहेर टाकलं, तर तासाभरानं ती परत हजर, आणि ह्या वेळी माझ्या टूथब्रशावर. ईईई! नुसतं लिहितानाही शहारा येतोय. त्या ब्रशाला मी तिथेच मूठमाती दिली. कालपासून बोटानं दात घासतेय.

आणि जळवा! त्यांच्याबद्दल तू छापलं नाहीस ते. गवतातून चालून आले, पाय जड वाटले म्हणून सलवार वर केली, तर पोटरीवर टपोऱ्या काळ्या जांभळांसारख्या लटकलेल्या. माझंच रक्त पिऊन फुगलेल्या. मी अशी किंचाळले की हॉटेलची मालकीणबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिची-माझी भाषा एक नाही, पण तिनं मिठाची पुरचुंडी आणली, एकेक जळू सोडवली आणि माझ्याकडे बघून अशी खदखदून हसली की मलाही हसू फुटलं. बाई मात्र सोन्यासारखी आहे. जेवण गरम, भांडी लख्ख, चुलीजवळ मला रोज जागा करून देते. पावसाळा संपल्यावर इथे आलं तर हे घर दृष्ट लागण्यासारखं असेल, हेही सांगते. माझं नाक वाकडं आहे, पण न्याय सोडून नाही.

तू म्हणशील, ताई, किळस हा तर तुझा धंदाच आहे. खरं आहे. तुझं गोड बोलणं आणि माझं नाक, ह्या दोन गोष्टींवर आपण हे सहलींचं दुकान उभं केलं. तू लोकांना स्वप्न विकायचं आणि मी एक गाडी पुढे जाऊन सगळ्यांत वाईट खोलीत झोपायचं, सगळ्यांत घाणेरडं न्हाणीघर वापरायचं, भटारखान्यात नाक खुपसायचं. आणि मी होकार दिला तरी नवी वाट पक्की व्हायची नाही. पक्की करायची आई. नव्या सहलीच्या पहिल्या गाडीत ड्रायव्हरमागची पहिली सीट तिची. मुक्कामावर पोहोचली की चपला काढून पलंगावर बसणार, उशी हुंगणार, नळ सोडून बघणार, आणि मग सगळ्यांदेखत सांगणार, 'झोपेन मी इथे.' तिनं 'झोपेन' म्हटलं की मंडळी सामान सोडायची. एकदाच ती म्हणाली होती, 'नाही गं बाई,' आणि तू भर उन्हात सगळ्यांना घेऊन दुसरं हॉटेल शोधत फिरलास. मला तेव्हा तुझा काय अभिमान वाटला होता! 'आमची आई आधी जाते' हे वाक्य तू त्यानंतर छापलंस. आज आपल्याकडे लोक येतात ते ढगांसाठी नाही रे, त्या वाक्यासाठी येतात.

ह्या वेळी आईचे गुडघे धरले. असं तू मला सांगितलंस. मंडळींनाही तेच सांगितलंस, आणि पहिली सीट आपल्या शाळेच्या मोठ्या बाईंना दिलीस. 'बाई, ही आईची जागा, ह्या वेळी तुमची.' बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी नवा रेनकोट घेतला, पिवळाधमक. खालच्या गावात परवा मंडळी उतरली तेव्हा मी टाकीवर असताना आपल्या आचाऱ्याचा मला फोन आला होता. म्हणाला, बाई जेवायलाही रेनकोट घालूनच बसल्यात, कधी निघायचं म्हणून सारख्या विचारतात. त्या बाईंनी तुला हात धरून पाढे शिकवले. नापास व्हायच्या बेतात होतास तेव्हा घरी बोलावून शिकवणी घेतली. हे तुला आठवत असेल असं मी धरून चालते.

आता रस्त्याचं. खालच्या गावातून इथे येताना वाटेत एक मोठं वळण आहे, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी आले त्या दिवशी तिथे बस थांबली. सगळे उतरले, बस रिकामी पुढे गेली आणि आम्ही मागून चालत गेलो. मला वाटलं इथली रीतच असेल. काल पाऊस जरा उघडला म्हणून आपण ठरवलेल्या जीपचा ड्रायव्हर मला ते वळण दाखवायला घेऊन गेला. अरे, रस्त्याची बाहेरची कड जागेवर नाही. डांबर हवेत लोंबतंय आणि त्याच्या खालची माती वाहून गेलीय. मी वाकून पाहिलं तर खाली नदी, चिखलाच्या रंगाची, आणि तिच्यात एक झाड मुळं वर करून चाललेलं. आम्ही उभे होतो तेवढ्यात वरून बारीक खडी सुटली, आधी चिमूटभर, मग सूपभर. ड्रायव्हरनं माझा दंड धरून मला ओढलं. बुरशी, जळवा, गोगलगाय, सगळं त्या क्षणी विसरले. डोळ्यांपुढे फक्त पिवळा रेनकोट होता.

ह्या ड्रायव्हरला आपली भाषा येते, पूर्वी आपल्याकडच्या कारखान्यात होता. परत येताना तो एकदम म्हणाला, ताई, मी तुमच्या भावाला गेल्या महिन्यातच सांगितलं होतं, पाऊस लागला की त्या वळणावर मोठी गाडी घालू नका, दरवर्षी तिथे रस्ता बसतो. मी विचारलं, मग तो काय म्हणाला? तर म्हणे, 'बघू, आणि ताईला आधीच काही सांगू नका, ती उगाच नाक मुरडते.' खरं सांगू, तेव्हाही मी तुझी बाजू घेतली. त्या ड्रायव्हरवरच खेकसले. म्हटलं, माझा भाऊ धांदरट आहे, एका कानानं ऐकतो आणि दुसऱ्या कानानं सोडतो, त्याला नीट कळलं नसेल. रस्ताभर मी स्वतःला हेच समजावत आले. सीझन हातचा जाईल म्हणून घाई केली असेल. नवी वाट दुसऱ्या कोणी उघडायच्या आत आपण उघडावी म्हणून केली असेल. मूर्ख असेल, पण वाईट नाही.

आणि आज सकाळी आईला फोन केला. दुसरं काही नाही, गुडघे कसे आहेत ते विचारायला. टाकीवर फोन कान आणि खांद्यात दाबून, एका हातानं कठडा धरून, एका हातानं छत्री सावरत. आई धापा टाकत होती. मी घाबरले, तर म्हणते, अगं, गच्चीवरचे कपडे काढून आत्ताच खाली आले. म्हटलं, आणि गुडघे? तर हसायला लागली. गुडघ्यांना काय धाड भरलीय? मग आवाज बारीक करून, घरात कोणी नसतानाही, मला सांगते, कौतुकानं सांगते रे, की अगं, त्यानंच मला थांबवलं. म्हणाला, 'आई, ह्या वेळी तू नको येऊस, पावसात तो रस्ता धड नाही. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हण.' केवढी काळजी करतो बघ, म्हणाली. लोकांची मुलं आयांना विचारत नाहीत, आणि माझा बघ. आणि फोन ठेवताना म्हणाली, तूही जपून हं, तुला त्यानं रस्त्याचं सांगितलंच असेल.

मी म्हटलं, हो, सांगितलं.

खाली कशी उतरले ते आठवत नाही. मालकीणबाईनं चहा पुढे केला, तो तसाच गार झाला. मला मळमळत होतं आणि काही केल्या ओकारी होत नव्हती. आधी मला वाटलं बुरशीचा वास डोक्यात गेला. मग कळलं, बुरशी बिचारी भिंतीला असते. जळू तर जळूच असते, ती कुठे म्हणते की मी तुझी सख्खी! मला शिसारी आली ती तुझ्या आवाजाची. 'बाई, ही आईची जागा, ह्या वेळी तुमची' म्हणणारा तो मऊसूत आवाज माझ्या कानातून जाईना. तुला कळलं नव्हतं असं नाही. तुला सगळं कळलं होतं. आईला उतरवलंस म्हणजे कळलंच होतं. आणि 'आमची आई आधी जाते' हे वाक्य मात्र तू तसंच ठेवलंस. ज्याच्या ओकारीची किळस आली नाही त्याच्या काळजीची किळस येईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गाडी वर येणार नाही. आचाऱ्याला मी टाकीवरूनच सांगून टाकलंय की चाक हललं तर माझ्याशी गाठ आहे. मंडळी खाली सुखात आहेत, पत्ते खेळताहेत, भजी तळून मागताहेत. गाडी का जात नाही हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तू सांगायचंस. आजच निघ, खालच्या गावात ये, सगळ्यांना एकत्र बसव आणि उभा राहून सांग. हवामान, सरकारी परवानगी, इंजिनातला बिघाड असलं काही पुढे करू नकोस. मोठ्या बाई विचारतील, आई का रे आल्या नाहीत? त्या विचारणारच. तेव्हा गुडघे म्हणू नकोस. त्यांच्या डोळ्यांत बघून खरं ते सांग. मग त्या तुझे कान धरोत की पाठीवर हात ठेवोत, ते तुमचं तुम्ही बघा. आईला मात्र ह्यातलं काहीही कळता कामा नये. तिला वाटतंय तिचा मुलगा लाखात एक आहे. वाटू दे.

माझं म्हणशील तर मी उद्या उजाडल्यावर उतरते. जीप वळणापर्यंत येईल, पुढचा तुकडा पायी. मालकीणबाईनं खुणेनं सांगितलंय, ती हात धरून पलीकडे सोडेल. धंद्याचं पुढे काय ते घरी आल्यावर बोलू, तोवर ऑफिसच्या पाटीला हात लावू नकोस. आणि ती माहितीपत्रकं जाळ. भिजवू नकोस, जाळ. इथे भिजलेलं खूप बघितलं.

हे सगळं टाकीवरून आरडाओरडा करूनही तुला सांगता आलं असतं. पानं भरत बसले ती एका गोष्टीसाठी, जी मला तोंडानं विचारता येणार नाही. निघायच्या आदल्या दुपारी तू ऑफिसात फोनवर आईशी हळू आवाजात बोलत होतास. मी समोरच्याच टेबलाशी बसून टॉर्चमधे सेल भरत होते, पावसाळी बूट पिशवीत कोंबत होते. तू माझ्याकडे बघून हसलासही. मला वाटलं, आईला औषधाची आठवण करतोयस. आता सगळं जुळलं. तू आईला थांबवत होतास. फोन ठेवलास आणि मला म्हणालास, ताई, सेल जास्तीचे घे. आईला थांबवलंस ते बरोबरच केलंस. पण मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते रे. मला थांब म्हणावं असं तुला एकदाही वाटलं नाही? माझ्यामागे रडणारं कोणी नाही म्हणून? की ताई काय, ती ओंजळ पुढे करणारच, म्हणून? ह्याचं उत्तर निरोपात नको, फोनवर तर नकोच. समोर येऊन दे. पण ये तो खालच्या गावापर्यंतच. मला न्यायला म्हणून वर यायचा शहाणपणा करू नकोस. पावसात हा रस्ता धड नाही.

तुझीच, नाक मुरडणारी,
ताई